भीड सोडून दिलेलं मत

श्रीनिवास टिपणिसांनी नोकरीभर माणसांना भूल दिली, आणि निवृत्त झाल्यावर माणसांना जागं करायचं मनावर घेतलं. हे त्यांच्या बायकोचं, प्रमोदिनीचं म्हणणं. ती ते चारचौघांत म्हणायची आणि श्रीनिवासना ते आवडायचं. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते. आता महिन्यातल्या एका रविवारी ट्रेंटतीर मराठी मंडळाच्या हॉलमध्ये ते वर्ग घेत. हॉल कसला, कौन्सिलची एक बसकी विटकरी इमारत, हीटर लावला की जळक्या धुळीचा वास येणारी. पण तिथं बटाटेवडे खात खात पंचवीस-तीस मराठी माणसं सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपाच्या गोष्टी ऐकायची.

राजाला देव नेमत नाही. राज्य चालतं ते रयतेच्या संमतीनं. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी, सरकारनं तिथं डोकावू नये. हे सगळं कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं, आणि म्हणताना त्याच्या पोटात गोळा आला असेल, हे श्रीनिवास असं सांगत की ऐकणाऱ्याच्याही पोटात गोळा यावा. ती परदेशी नावं लोकांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी त्या विचारवंतांना घरगुती नावं दिली होती. एक इंग्रज वैद्य रोगी तपासता तपासता राज्यकारभारावर लिहायला लागला, तो 'आपला डॉक्टर'. जिनिव्हाचा एक ना घर ना दार असा भटक्या, तो 'घड्याळजीचा पोरगा'. "आपल्या डॉक्टरचा आजचा डोस काय, काका?" असं विचारत लोक खुर्च्या ओढून बसायचे.

भिंतीपलीकडे त्याच वेळी मुलांचा मराठीचा वर्ग भरायचा. तो साराताई परकार घ्यायच्या. सारा मूळची रत्नागिरीची, मुसलमान, पेशानं सुईण. इथल्या लेबर वॉर्डात तिनं उभा जन्म काढला होता. मंडळात यायला लागली तेव्हा तिचे केस काळे होते. नवरा गेला, मुलगा साउथहॅम्प्टनला बंदरावर नोकरीला गेला, आणि तिला रविवार उरला. इथं जन्मलेली मुलं "माझा आई आली" म्हणायची, त्यांना ती रागवायची नाही. आईच्या जात्यावरच्या चालीत स्वतः काहीबाही रचायची आणि मुलांकडून म्हणवून घ्यायची. इकडे श्रीनिवास संमतीवर बोलत असले की भिंतीतून पोरांचा सूर झिरपायचा:

*धुकं उतरलं बाई, ट्रेंटच्या गं पाण्यावर*
*माझ्या बोलीचा दिवा, लेकराच्या ओठावर*

श्रीनिवास तेवढा वेळ थांबायचे. सूर सरला की पुढचं वाक्य घ्यायचे.

तर कौन्सिलनं तो हॉल बंद करायचं ठरवलं. मंडळाला जागा हवी. गावातल्या देवळाच्या विश्वस्तांनी आपला मागचा हॉल देऊ केला, आणि मंडळाचा अध्यक्ष हरीश देवस्थळी एका शनिवारी सकाळी श्रीनिवासांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

हरीश हाडांचा सर्जन. वीसेक वर्षांपूर्वी दोन बॅगा घेऊन या शहरात उतरला, तेव्हा श्रीनिवासच त्याला कोच स्टेशनवरून घेऊन आले होते. नोकरी लागेपर्यंत तो यांच्याच बॉक्सरूममध्ये, म्हणजे सामान ठेवायच्या लहानशा खोलीत, राहिला. मंडळातली निम्मी माणसं या ना त्या साली त्या बॉक्सरूममधून गेलेली.

"काका, जागा मिळतेय ती घेऊ या," हरीश म्हणाला. "फक्त घटनेत एक छोटी दुरुस्ती. मेंबरशिप फॉर मराठी हिंदू फॅमिलीज. बोर्डवरही तसंच."

"देवळानं अट घातलीय?"

"नाही हो. ते बिचारे काहीच म्हणाले नाहीत. पण त्यांना बरं वाटेल. आणि आपल्यालाही." त्यानं कप फिरवला. "त्या उन्हाळ्यातले दंगे आठवतात ना, मशिदीवर विटा आल्या ते? आमच्या स्वातीनं दोन आठवडे मुलांना बाहेर सोडलं नव्हतं. ह्या गोऱ्या लोकांना आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक कळत नाही, काका. तो आपणच कुठंतरी लिहून ठेवायला हवा."

"जो वीट फेकायला येतो, तो आधी बोर्ड वाचतो का रे?"

हरीश हसला नाही. प्रमोदिनी ओट्याशी पाठ करून मेथी निवडत होती. त्याच उन्हाळ्यात ट्राम स्टॉपवर एका माणसानं तिच्या पायाशी थुंकून तिला भलत्याच देशाला परत जायला सांगितलं होतं. घरी येऊन तिनं चप्पल धुतली होती आणि त्यावर पुन्हा शब्द काढला नव्हता. आता तिचे हात थांबले आणि परत चालू झाले.

"आणि सारा?" श्रीनिवासनी विचारलं.

"साराताईंना कोण जा म्हणतंय? त्या येतीलच की. गेस्ट म्हणून. गणपतीला, दिवाळीला. फक्त वर्ग त्यांना घेता येणार नाही. मुलांचे वर्ग मेंबरनंच घ्यायचे, असा नियम आहे. तुम्हीच लिहिलाय तो."

श्रीनिवासनी तो लिहिला होता हे खरं. मुलांची जबाबदारी भलत्या माणसावर पडू नये म्हणून लिहिला होता.

"सहिष्णुता म्हणून काही शिकलास ना माझ्याकडे?" ते म्हणाले.

"शिकलो ना. पण आपल्या डॉक्टरनं तरी सगळ्यांना कुठं आत घेतलं होतं? पोपला मानणारे बाहेर, देवच न मानणारे बाहेर. त्यानंही कुठंतरी रेघ ओढलीच. तुम्हीच सांगितलंत, मागच्या मार्चमध्ये."

पोरानं लक्ष देऊन ऐकलं होतं. श्रीनिवासना क्षणभर मास्तरांना होतो तसला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. "ती त्याची चूक होती," एवढंच ते म्हणाले. हरीशनं मान हलवली, आजारी माणसाच्या म्हणण्याला हलवावी तशी.

मंडळाची रीत अशी, की तिथं कधी मत पडलंच नव्हतं. जे काय व्हायचं ते आधी फोनवर व्हायचं. सभेत एकानं मांडायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, "सगळ्यांना मान्य?" असं अध्यक्षानं विचारायचं, टाळ्या. फारच ताणलं तर हात वर. आणि हात वर करायची वेळ आली की माणसं आधी कुणाकडे बघायची, तर पहिल्या रांगेतल्या श्रीनिवासांकडे. त्यांचा हात खाली असला तर बाकीचेही खाली. याला कुणी दडपण म्हणत नव्हतं. ती भीड होती.

या भिडेवर श्रीनिवासांचा राग होता. वर्गात ते म्हणायचे, "राजे गेले, सरदार गेले, पण आपल्या माणसावर अजून भिडेचं राज्य आहे. तिला गादीवरून उतरवल्याशिवाय आपण नागरिक व्हायचे नाही." त्यांनी ठरवलं, हा प्रश्न मंडळानं पहिल्यांदा गुप्त मतदानानं सोडवायचा. एक माणूस, एक चिठ्ठी, त्याचा तो आणि त्याची सद्सद्विवेकबुद्धी.

"अहो, हात वर करू द्या," प्रमोदिनी म्हणाली. सभेच्या आदल्या संध्याकाळी ती साडीला इस्त्री करत होती. "तुम्ही समोर बसलेले असताना कोण हात वर करणार आहे? ज्यांना तुम्ही घरी जेवायला घातलंत ते?"

"म्हणूनच नको. जेवायला घातलं म्हणून मिळालेलं मत हे मत नव्हे, ती परतफेड झाली."

"परतफेड तर परतफेड. साराचा वर्ग राहील."

"माझ्या तोंडाकडे बघून राहिला, तर मी मेल्यावर जाईल. त्यांना पटून राहिला पाहिजे."

"तुमचा फार विश्वास बाई," ती म्हणाली. इस्त्री साडीच्या काठावरून सावकाश फिरली. "माणसाला लाज वाटते म्हणून तो बरा वागतो. ती काढून घेतली तर काय राहतं मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल."

"खरा माणूस राहतो."

प्रमोदिनीनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

साराला हे सगळं श्रीनिवासनी स्वतः सांगितलं. सभेच्या दिवशी ते आणि प्रमोदिनी तासभर आधी हॉलवर गेले, तेव्हा ती मुलांच्या खोलीत अक्षरांचे तक्ते सरळ करत होती.

"काळजी करू नकोस," ते म्हणाले. "गुप्त मतदान घेतोय. समोर कुणी बघणारं नसलं, माणूस एकटा असला, की खरं वागतो."

सारा हसली. "एकटा असला की? डॉक्टरसाहेब, तुम्ही पेशंटना झोपवून मोकळे व्हायचात. मी त्यांच्या उशाशी जागी असायची. माणूस एकटा असला की घाबरतो हो."

"तुला भरवसा नाही?"

"तुमच्यावर आहे." 'ज्ञ'चा तक्ता वाकडा होता, तो तिनं दोनदा सरळ केला. "ह्या वर्गाबिगर मला दुसरं काय नाय. एवढं ध्यानात असू द्या, म्हणजे झालं."

सभेला कधी नव्हे ती गर्दी. बाहेर फेब्रुवारीचं दुपारीच मावळून गेल्यासारखं ऊन. हरीशनं प्रस्ताव वाचला आणि खाली बसायच्या ऐवजी उभाच राहिला. कपाळावर घाम होता.

"मित्रहो, ह्या मंडळाला काकांनी वाढवलं. मी त्यांच्या घरात राहिलोय. काका, तुमचा विरोध असेल तर मी प्रस्ताव मागे घेतो. इथल्या इथं. कुणाची काही तक्रार असणार नाही."

माणसं श्रीनिवासांकडे बघत होती, आणि त्या बघण्यात विनवणी होती, की काका, घ्या मागे, आम्हाला सोडवा. भिंतीजवळ सारा उभी होती. तीही बघत होती.

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द श्रीनिवासांच्या ओठाशी आला. आणि त्यांना वाटलं, हा शब्द उच्चारला तर मी कोण झालो? सगळी रयत गप्प आणि एकाच्या मर्जीवर न्याय. तो न्याय चांगला असला म्हणून काय झालं. चांगले राजेही होतेच की.

"नाही," ते उठून म्हणाले. "माझ्याखातर मागे घेऊ नकोस. मी मला काय वाटतं ते सांगेन, आणि मग मत होऊ दे. निकाल काही आला तरी मी तो मानीन."

भिंतीजवळ सारानं डोळे मिटले आणि उघडले.

ते बोलले, आणि चांगलं बोलले. उंच शब्द सोडून बोलले. ज्या देशात आपण परके म्हणून आलो त्या देशात कुणीतरी आधी भांडून ठेवलं होतं, की माणसाला त्याचा देव विचारू नये. त्या भांडणावर आपली घरं उभी आहेत. आपण आत आलो आणि आपल्यामागं दार लावून घेतलं, असं आपल्या नातवंडांनी म्हणावं का? मग ते साराबद्दल बोलले. मागच्या रांगेत दोघीतिघींनी डोळे पुसले. टाळ्या पडल्या, मनापासून पडल्या. श्रीनिवासना वाटलं, जिंकलं.

मतदानाला ख्रिसमसच्या चॉकलेटांचा रिकामा डबा आणला. भांड्यांच्या खोलीच्या दाराला चादर लावली. एकेकानं आत जायचं, मोठ्या पातेल्यांच्या मधोमध उभं राहून चिठ्ठीवर 'हो' किंवा 'नाही' लिहायचं, बाहेर येऊन डब्यात टाकायची. मंडळाची सेक्रेटरी स्वाती, म्हणजे हरीशची बायको, नावं पुकारत होती. माणसं आत जाताना आखडलेली असत. बाहेर येताना चेहरे सैल झालेले, खांदे उतरलेले. श्रीनिवासनी असे चेहरे हजारो पाहिले होते. औषध शिरेत गेलं की असे होतात. पण त्या दिवशी त्यांना ते जागे झालेल्या माणसांचे वाटले.

स्वातीनं आणि खजिनदारानं चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजल्या. दोन ढीग झाले. एक ढीग वाढत गेला, दुसरा बसल्या जागी राहिला. दर पाच चिठ्ठ्यांत चार 'हो'.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. स्वातीनं आकडे वाचले, तेही हळू, घरात कुणी झोपलेलं असावं तसे. मग कुणीतरी चहाचा थर्मास उघडला आणि त्या आवाजानं हॉल सुटला. माणसं साराभोवती जमली. "साराताई, तुम्ही आमच्याच." "दिवाळीला यायचंच हं, ते काही चालायचं नाही." "मुलं तुम्हाला विसरणार नाहीत." एकीनं तिच्या हातात घरून आणलेल्या वड्यांचा डबा दिला. दुसरीनं तिला मिठी मारली. सगळेच हळहळत होते, आणि एकाचीही हळहळ लटकी दिसत नव्हती. हेच भयंकर होतं.

श्रीनिवास उठले. "हे चूक झालं," ते म्हणाले. आवाज जेमतेम दोन रांगांपर्यंत पोचला. "हे आपण चूक केलं."

हरीश जवळ आला आणि त्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे ओले होते. "काका, पण मत झालं ना? तुम्हीच म्हणालात, काही आलं तरी मानीन." आणि मग खालच्या आवाजात, खऱ्या आदरानं, "तुमच्यामुळे किती क्लीन झालं सगळं. हात वर करायला लावले असते तर माणसं एकमेकांना तोंड दाखवू शकली नसती. आता कुणाचं मन दुखलं नाही."

श्रीनिवास खाली बसले.

माणसं पांगल्यावर ते मुलांच्या खोलीत गेले. सारा तक्ते उतरवून गुंडाळत होती. त्यांनी एका तक्त्याचं टोक धरायला हात पुढं केला. तिनं तो तक्ता आपल्याकडे ओढून घेतला.

"सारा."

"वाईट वाटून घेऊ नका, असं मी म्हणणार नाही, डॉक्टरसाहेब. तुम्हाला वाटलं पाहिजे." ती रागावून बोलत नव्हती. थकून बोलत होती. "तो हरीश मागं घेत होता."

"मला वाटलं—"

"तुम्हाला काय वाटलं ते मला समजलं. तुम्ही बोललात ते लय चांगलं बोललात." तिनं रबरबँड चढवला. "एक सांगते. हात वर केले असते आणि मी हरले असते, तरी मला दिसलं असतं ना, कोण कोण ते. चार घरं सोडून दिली असती, चार धरून राहिले असते. आता सगळीच हसतात माझ्याशी. बाजारात भेटतील, हॉस्पिटलात भेटतील, सारामावशी म्हणतील, आणि मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघणार. तुझी चिठ्ठी कुठली रे बाबा? वड्या दिल्या त्या बाईची कुठली? मला आता कुणाशीच बोलता येणार नाही. तेवढंपण ठेवलं नाहीत."

जिनिव्हापासून एडिंबरापर्यंत जेवढ्या शहाण्यांची श्रीनिवासनी पारायणं केली होती, त्यातल्या एकानंही या बाईला द्यायला एक शब्द ठेवला नव्हता.

"घरी सोडतो तुला," ते शेवटी म्हणाले.

"बस आहे."

तिनं तक्ते काखेला मारले. वड्यांचा डबा टेबलावर तसाच राहिला. काचेतून ते बघत राहिले. बसस्टॉपवर मंडळातलं एक जोडपं आधीच उभं होतं. त्यांनी सरकून तिला बाकावर जागा केली. ती बसली नाही.

गाडी प्रमोदिनी चालवत होती. रिंगरोडला वाहनांची रांग लागलेली, पुढच्या गाड्यांचे लाल दिवे धुक्यात विरघळून एकमेकांत मिसळलेले. श्रीनिवास बोटं मोजत बसले होते. 'नाही'च्या चिठ्ठ्या इतक्या थोड्या होत्या की त्यांना माणसं वाटून देता आली असती. एक त्यांची. एक साराची. डोळे पुसणाऱ्या त्या दोघीतिघी धरल्या, मग सोडल्या. वर्गाला कधी न चुकणारा एक म्हातारा फॅमिली डॉक्टर धरला. तोही सोडला. कुणाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की तो चेहरा सैल व्हायचा, चादरीमागून बाहेर आल्यासारखा. असं करत करत त्यांचं बोट गाडीतच येऊन पोचलं, शेजारच्या सीटवर.

तिच्या काठाच्या साडीला अजून इस्त्रीची घडी होती. चिठ्ठी लिहायला आत गेली तेव्हा ती बराच वेळ बाहेर आली नव्हती, हे त्यांना आता आठवलं. की तसं काही नव्हतं, आणि तेच आत्ता तो वेळ लांबवत होते?

"प्रमोदिनी," ते म्हणाले.

"विचारू नका," ती म्हणाली. नजर रस्त्यावर. "विचारायचं नसतं ना?"

ते तिच्या आवाजात शोधत राहिले. राग होता का? की नवऱ्यालाही अशी शंका यावी याचं दुःख? की ट्राम स्टॉपवरून आलेल्या संध्याकाळी बाथरूमच्या नळाखाली चप्पल धुताना तिच्या तोंडावर होतं, ते काहीतरी? चाळीस-एक वर्षं ऐकलेला आवाज, आणि त्यांना तो वाचता येईना. आणि तिनं सांगितलं असतं, काहीही सांगितलं असतं, तरी ते खरं कशावरून, हेही त्यांना उमगलं.

रांग थोडी सरकली. प्रमोदिनीनं गाडी तेवढीच पुढं घेतली आणि ब्रेकवर पाय ठेवला.